सुरक्षेचे पैसे दरातून बाहेर काढले तेव्हा

डोंबिवलीतली आमची इमारत सात मजली आणि तिशी ओलांडलेली. अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करून घ्यावं लागतं. गेल्या ऑडिटमध्ये बाहेरचं प्लॅस्टर काढून नव्याने करायला सांगितलं आणि सेक्रेटरी म्हणून टेंडरचं काम माझ्याकडे आलं.

आलेल्या प्रत्येक कोटेशनमध्ये ‘सर्व सुरक्षा साधनांसह’ एवढे शब्द होते, त्यांच्यापुढे रक्कम मात्र नव्हती. तो खर्च चौरस फुटाच्या दरात आलाच, असं आपण धरून चालायचं. पण काम मिळतं सगळ्यांत कमी दरवाल्याला. दर उतरवताना सिमेंटला किंवा केमिकलला हात लावला तर कन्सल्टंट पकडतो. जाळी, बेल्ट, परांचीवरची जादा फळी यांना कात्री लागली तर कोणी विचारत नाही. जो ठेकेदार हे पैसे प्रामाणिकपणे धरतो, तो टेंडरमध्येच मागे पडतो. याचा मला मनापासून राग येतो, कारण ती कात्री शेवटी परांचीवर उभ्या असलेल्या माणसावर चालते.

हाँगकाँगमध्ये सरकारी बांधकामांसाठी 1996 पासून एक पद्धत आहे. कराराच्या रकमेतले साधारण 2 टक्के सुरक्षेसाठी बाजूला काढायचे, त्यावर बोली लावू द्यायची नाही आणि केलेलं तपासून झालं की तेवढे पैसे चुकते करायचे. आम्ही तेच छोट्या प्रमाणात करायचं ठरवलं.

सभेत पहिलाच प्रश्न आला, ‘सुरक्षा ही कायद्याने ठेकेदाराचीच जबाबदारी आहे, मग आपण जादा का द्यायचे?’ जबाबदारी त्याचीच राहते, आणि पैसे जादा नाहीत, दरात दडलेले तेच पैसे आपण वेगळे दाखवतो आहोत, हे मी दोन-तीनदा समजावलं. ठराव झाला. मग दुसरी सूचना आली, की एकही अपघात झाला नाही तर शेवटी बक्षीस द्यावं. तिला मी ठाम विरोध केला. बक्षिसासाठी पायात घुसलेला खिळासुद्धा लपवला जातो आणि जखमी माणूस गुपचूप गावी पाठवला जातो. पैसे द्यायचे ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचे.

म्हणून टेंडरमध्येच सुरक्षेची रक्कम सगळ्या बोलीदारांसाठी सारखीच ठरवून लिहून दिली. त्यात बाहेरून जाळी, परांचीला सलग फळ्या आणि कठडा, आयएस 3521 या भारतीय मानकाचे फुल बॉडी हार्नेस (अंगभर बांधायचे सुरक्षा पट्टे), गच्चीवरून सोडलेल्या लाइफलाइन, म्हणजे हार्नेसचा हुक अडकवायच्या दोऱ्या, हेल्मेट आणि कामगारांच्या विम्याची चालू पॉलिसी, अशा बाबी होत्या. प्रत्येक आरए बिलाआधी, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणाऱ्या बिलाआधी, कन्सल्टंटचा इंजिनिअर आणि मी पाहणी करायची, जे नसेल त्याचे पैसे त्या बिलात नाहीत.

पहिल्या पाहणीला खालून सगळं नीट दिसलं, प्रत्येकाच्या अंगावर हार्नेस होता. चौथ्या मजल्यावरच्या एका घराच्या खिडकीतून जवळून पाहिलं, तर एकाने हुक अडकवला होता तो ज्या बांबूवर त्याचा पाय होता त्यालाच. परांची सुटली असती तर हार्नेससकट तोही खाली गेला असता. विचारल्यावर म्हणाला, “साहब, रस्सी दूर पड़ती है.” खरंच होतं. अख्ख्या भिंतीला दोनच दोऱ्या होत्या, आणि मजुरी चौरस फुटावर. दोरीपर्यंत जाण्यात गेलेला वेळ त्याच्या कमाईतून जाणार.

लाइफलाइनची बाब त्या बिलात कापली. ठेकेदार फोनवर बराच तापला, पण करारात लिहिलेलं होतं. पुढच्या बिलाआधी मुकादमाने प्रत्येक दोन खिडक्यांमध्ये एक दोर सोडला, वर टाकीच्या कॉलमला बांधला, आणि पॅरापेटच्या कडेवर घासून तुटू नये म्हणून खाली गोणपाट घातलं. ती रक्कम पूर्ण दिली. त्यानंतर ठेकेदार स्वतःहून फोन करायचा, “सर, येऊन बघून जा, म्हणजे बिल टाकतो.”

मजुरीचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. प्लॅस्टर तोडण्याचं काम हजेरीवर, म्हणजे रोजाच्या मजुरीवर, द्यायला ठेकेदार तयार झाला, रंगकाम चौरस फुटावरच राहिलं, आणि तिथे हुक काढून सरकणारी माणसं शेवटपर्यंत दिसत राहिली. आता डक्टमधल्या पाइपांचं टेंडर निघतंय. त्याच्या मसुद्यात परांचीवरचं सगळं काम हजेरीवर, ही अट मी सुरक्षेच्या बाबींमध्येच घातली आहे, ठरलेल्या रकमेसह.