प्रत्येकाची चूक वेगळी: आमच्या गणिताच्या क्लासची वाटचाल

आठवी ते दहावी, महाराष्ट्र बोर्ड, फक्त गणित. एवढंच आम्ही शिकवतो. सुरुवात वीस जणांच्या बॅचने झाली. फळा, खडू, एकामागून एक प्रकरणं आणि शेवटी अपेक्षित प्रश्नसंच असा क्रम होता. आता एका बॅचमध्ये आठच मुलं घेतो. संख्या कमी करण्याचं कारण जागेचं नव्हतं. आठपेक्षा जास्त वह्या त्याच तासात वाचून होत नाहीत, आणि वही वाचल्याशिवाय मूल कुठे अडतंय ते कळत नाही.

प्रवेशाच्या वेळी पालक हमखास विचारतात, "आमची मुलगी बघून शिकते, तुम्ही व्हिडिओ दाखवता का?" काही जण बोटांच्या ठशांवरून काढलेला महागडा अहवालही घेऊन येतात. त्या अहवालाला शास्त्रीय आधार नाही आणि आम्ही तो उघडूनही पाहत नाही. बघून, ऐकून किंवा हाताने करून शिकणारी मुलं, ही विभागणी थोडी जास्त गंभीरपणे तपासली गेली आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. शैलीनुसार शिकवल्याने जास्त येतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे खरंच. पण (अ + ब)² चं चित्र सगळ्यांनाच लागतं. आलेख कागदावर ७ सेंमी बाजूचा चौरस काढायचा आणि प्रत्येक बाजू ५ आणि २ अशी विभागायची. २५, १०, १० आणि ४ असे चार तुकडे पडतात. अ² + ब² लिहिणाऱ्याला आपण १० चे दोन तुकडे टाकून दिले, हे तिथे दिसतं.

मग वेगळेपण कुठे धरायचं? आधी काय पक्कं आहे आणि चूक कोणत्या प्रकारची होते, यावर. त्यासाठी पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांची, वीस गणितांची चाचणी घेतो: अपूर्णांक पाच, ऋण संख्या पाच, साधी समीकरणं चार, गुणोत्तर व शेकडेवारी तीन, शाब्दिक उदाहरणं तीन. गुण देत नाही. चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे एक अक्षर लिहितो. 'चि' म्हणजे चिन्हाची चूक, 'आ' आकडेमोडीची, 'वा' वाचण्यातली, 'रि' म्हणजे जागा रिकामी सोडली. दहा गणितं चुकलेल्या दोन मुलांची अक्षरं बहुतेक वेळा अगदी वेगळी निघतात. गुणपत्रिकेत मात्र ती दोघं सारखीच दिसली असती.

'चि' वाल्याला वजा कंसाचं काम द्यायचं. −(क्ष − ३) चं उत्तर −क्ष − ३ लिहिणारा मुलगा वर्गसमीकरणं कितीही सोडवू दे, तिथेच घसरणार. 'वा' वाल्याचा प्रश्न गणिताचा नसतोच. "विद्यार्थ्यांची संख्या शिक्षकांच्या सहापट आहे" हे वाचून अनेक मुलं व = ६श ऐवजी ६व = श लिहितात, कारण सहा हा आकडा विद्यार्थ्यांशी जोडून डोक्यात बसतो. उपाय सोपा आहे: शिक्षक ५ धरा, विद्यार्थी किती ते सांगा, आता समीकरणात आकडे घालून पाहा. सेमी-इंग्रजीच्या मुलांना 'कन्सेक्युटिव्ह', 'रिस्पेक्टिव्हली', 'अॅट मोस्ट' या शब्दांची यादी आधी द्यावी लागते. मराठी माध्यमातली मुलं 'अनुक्रमे' आणि 'क्रमागत' इथे अडखळतात.

कच्च्या मुलाला आम्ही आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण देतो. क्ष² + ६क्ष + ५ = ० घ्या. (क्ष + ३)² = ४, मग क्ष + ३ = ±२, मग क्ष = −१ किंवा −५. पुढच्या कागदावर अशाच उदाहरणाची शेवटची पायरी गाळलेली असते, त्यापुढच्या कागदावर शेवटच्या दोन. ± हमखास याच टप्प्यावर सुटतं, म्हणून तिथे थांबतो. हाच कागद हुशार मुलीला दिला तर ती कंटाळते, शिवाय तिचा वेग कमी होतो. तिला थेट गणित द्यायचं आणि नंतर विचारायचं, दुसऱ्या रीतीने येईल का?

स्वभावाचं तंत्र वेगळं. मान डोलावणाऱ्या मुलाला "समजलं का?" विचारून काही उपयोग नाही, उत्तर 'हो' हेच येणार. प्रत्येकाकडे छोटी पाटी असते. "पुढची पायरी लिहा" म्हटलं की आठही पाट्या एकदम वर. गणिताला घाबरलेल्या मुलाला एका बैठकीत येणारी तीन आणि नवं एक, याच प्रमाणात गणितं मिळतात. घाई करणाऱ्याला खोडरबर मिळत नाही आणि शेवटची दहा मिनिटं उत्तर समीकरणात घालून तपासायची. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला बोर्डाची रीत दाखवतो: गुण पायऱ्यांना असतात.

दिवाळीनंतर मिश्र कागद सुरू होतात. एकेका प्रकरणाचा सराव करताना मूल गणित न वाचताच रीत लावतं. समरूपतेच्या स्वाध्यायात सगळं समरूपतेनेच सुटतं. म्हणून आठ गणितं चार प्रकरणांतली, क्रम उलटसुलट. सुरुवातीला गुण घसरतात आणि पालकांचे फोन येतात. ते होणारच, हे आम्ही प्रवेशालाच सांगून ठेवतो.

सगळ्या युक्त्या करूनही जी मुलं आकडेच उलट वाचतात, त्रेसष्टला ३६ लिहितात आणि हे वय वाढलं तरी थांबत नाही, त्यांच्या पालकांना आम्ही तज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यायला सुचवतो. अध्ययन अक्षमतेचं अधिकृत प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो, त्यामुळे ही धावपळ नववीतच करावी.

बॅच लहान म्हणून फी जास्त, आणि झेरॉक्सचा खर्च खडूच्या कितीतरी पट. दहावीचे नवे प्रवेश दिवाळीनंतर घेत नाही. बीजगणित आणि भूमितीचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर असतात. चाचणी, कच्चे दुवे आणि मिश्र कागद हे सगळं दिवाळीनंतर उरलेल्या वेळात बसत नाही.