हजार चंद्रांची वही

घरातल्या सहस्रचंद्रदर्शनासाठी हाताने केलेली फोटोंची वही द्यायची असं ठरल्यावर मी सगळ्यात आधी महिना पक्का केला. गोव्यात जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पितो. पावसात कापलेलं पान जानेवारीत आकसतं, आणि पावसात चिकटवलेला फोटो कोरड्या दिवसांत मधून फुगतो. म्हणून कापणं, चिकटवणं, शिवणं हे सगळं दिवाळी ते शिगमो (गोव्यातला शिमगा) या काळात उरकलं. पावसाळ्यात करण्यासारखी कामं वेगळी आहेत: फोटो गोळा करणं, स्कॅन करणं आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून नावं लिहून घेणं.

जुने फोटो सोडवण्यातच सर्वांत जास्त वेळ गेला. ऐंशीच्या दशकातले अल्बम, ज्यांच्या पानाला चिकट रेघा आणि वर पारदर्शक प्लास्टिक असतं, ते फोटोंचे शत्रू. तो गोंद पिवळा पडतो आणि ओलीत फोटोची पाठ घट्ट धरून ठेवतो. कोपरा धरून ओढला की फोटो वाकतो आणि वरच्या थराला कायमची भेग पडते. दात साफ करायचा दोरा फोटोखाली सरकवून, करवतीसारखा हळूहळू मागेपुढे करत न्यायचा. चार बाय सहाच्या एका फोटोला पाच ते दहा मिनिटं लागतात. केस वाळवायच्या यंत्राने गरम करू नये, गोंद पातळ होऊन कागदात आणखी मुरतो. फोटो निघतच नसेल तर तो पानासकट कापून घ्यायचा आणि वहीत प्रत लावायची. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो तर मुळीच ओढू नये. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, तो ओलीत मऊ होऊन काचेवर बसतो. काचेसकट स्कॅन करणं हाच त्याला उपाय.

सगळं ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केलं. बॉक्स कॅमेऱ्याचे सहा बाय नऊ सेंटिमीटरचे छोटे फोटो १२०० वर, म्हणजे दुप्पट मोठे केले तरी चेहरे फुटत नाहीत. प्रती स्टुडिओतून फोटोच्या कागदावर काढून घेतल्या. घरच्या प्रिंटरची साधी शाई दमट हवेत पसरते, आणि काळ्या केसांभोवती जांभळी कड दिसायला लागते.

आता कागद. बाजारात तयार मिळणारी बारा बाय बारा इंचांची पानं दिसायला छान असतात, पण मी बावीस बाय तीस इंचांचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), सुती चिंध्यांपासून केलेला आम्लरहित कागद घेतला. एका तावातून अकरा बाय पंधराची चार पानं निघतात आणि काही वाया जात नाही. तीन तावांत बारा पानं झाली. चौथ्या तावातून शिवणीच्या पट्ट्या काढल्या, अकरा इंच लांब आणि दीड इंच रुंद.

या पट्ट्या टाळू नका. फोटो आणि कोपरे लावले की पान जाड होतं, शिवण मात्र पातळच राहते, आणि मग वही मिटत नाही, जबडा उघडल्यासारखी राहते. दर पानामागे शिवणीच्या बाजूला एक पट्टी, आणि जिथे पाकीट लावलंय तिथे दोन. शिवणीची पट्टी संपते तिथे मोजपट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढायची, म्हणजे पान तिथेच वळतं. ३०० जीएसएमचा कागद रेघ न ओढता वळवला तर घडीवर तंतू तुटून पांढरी चीर दिसते. पट्टीच्या मधोमध, म्हणजे कडेपासून पाऊण इंचावर, वरून १, ४, ७ आणि १० इंचांवर चार भोकं पाडली आणि मेण लावलेल्या सुती दोऱ्याने बांधलं. गाठ सोडता येईल अशीच ठेवली, कारण पुढे पान वाढवायचं असतं. वरच्या-खालच्या कव्हरचा पुठ्ठा मात्र गिरणीचा असतो, त्याच्या तंतूंची दिशा शिवणीला समांतर हवी. हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी वाकवून बघायचं. ज्या बाजूने सहज वाकतो, ती घडी शिवणीला समांतर.

वहीत एकही फोटो पाठीला गोंद लावून बसवलेला नाही. सगळे कागदी कोपऱ्यांत अडकवलेत. दीड बाय तीन सेंटिमीटरची पट्टी घ्यायची, लांब बाजूच्या मध्यापासून दोन्ही वरचे कोपरे खाली दुमडून मधोमध भिडवायचे, त्रिकोण होतो. दुमडलेली बाजू पानाकडे, सपाट बाजू वर. गोंद फक्त दुमडलेल्या भागांना, आणि तोही ठिपकाभर. जास्त झाला तर तो आत झिरपतो आणि फोटोच चिकटतो. फोटो कोपऱ्यांत घालूनच जागा ठरवायची आणि दर बाजूला एक मिलिमीटर ढील ठेवायची. चारही कोपरे घट्ट बसवले तर पहिल्याच पावसात फोटो फुगून कमानीसारखा वर येतो. ही चूक खूप दिसते आणि लोक कागदाला दोष देतात.

गोंदाचंही तसंच. कणकेची किंवा मैद्याची खळ आमच्या हवेत कसर आणि बुरशी दोघांनाही बोलावते. मी मिथाइल सेल्युलोज, म्हणजे पाण्यात भिजवून गोंद होणारी पावडर, वापरलं: ४ ग्रॅम पावडर, १०० मिली पाणी. ही पावडर गरम पाण्यात विरघळत नाही, नुसती पसरते. म्हणून एक तृतीयांश पाणी गरम घेऊन त्यात भुरभुरायची, मग उरलेलं गार पाणी घालून ढवळायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी पारदर्शक, दाट पेज तयार. कोपऱ्यांना एवढं पुरतं. शिवणीच्या पट्ट्यांना आणि पुठ्ठ्याला मात्र पांढरा पीव्हीए गोंदच लागतो. चिकटवलेलं प्रत्येक पान दोन प्लायच्या फळ्यांमध्ये, वर उकड्या तांदळाची पाच किलोची पिशवी, असं रात्रभर दाबून ठेवलं.

मधलं पान मला सगळ्यात जवळचं. बारा पौर्णिमांचं वर्ष धरलं तर हजाराला ८३ वर्षांहून जास्त लागतील, पण अधिक मासामुळे हिशेब लवकर पुरा होतो: १००० गुणिले २९.५३ दिवस, म्हणजे जवळपास ८० वर्षं १० महिने. समजा जन्म १० एप्रिल १९४४ चा, तर हजारावी पौर्णिमा १२ फेब्रुवारी २०२५ ची, माघी. या पानावर हजार चंद्र काढले: ४० उभ्या रांगा, २५ आडव्या, अंतर ७ मिलिमीटर. २८ बाय साडेसतरा सेंटिमीटरची ही जाळी पानावर नीट बसते आणि शीर्षकाला वर जागा उरते. ठिपके पेन्सिलीच्या मागच्या रबराने, पिगमेंट शाईच्या पॅडवर टेकवून उमटवले. दर तीन ठिपक्यांनंतर शाई घेतली की गडद-फिका असा चंद्राचा उतार आपोआप येतो.

महत्त्वाच्या दिवसांचे चंद्र सोनेरी. त्या दिवसापर्यंतचे दिवस मोजून २९.५३ ने भागायचं, अपूर्णांक सोडायचा. १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो दिवस, भागाकार २१८: वरून सहाव्या आडव्या रांगेतला अठरावा. १५ मे १९७१ चं लग्न ३३५, नवव्या रांगेत पंधरावा. तिथे चामड्याला भोकं पाडायच्या सहा मिलिमीटरच्या पोकळ पंचाने भोक पाडून मागून सोनेरी कागद लावला. पंचाखाली लाकूड ठेवा, आणि पान उलटं करून ठोकू नका, कड फाटते.

सजावट थोडीच केली. चौकटींना कावी कलेची तांबडी-पांढरी नक्षी घेतली, जुन्या देवळांच्या भिंतींवर दिसते ती. खरी काव वापरू नये, ती समोरच्या फोटोवर उतरते. गेरूच्या रंगाचं ॲक्रेलिक जाड कागदावर लावून, वाळल्यावर नक्षी कापून घेतली. ॲक्रेलिक वाळलेलं वाटलं तरी दोन दिवस समोरासमोर मिटवू नये.

लग्नपत्रिकेला हळद-कुंकू लावलेलं असतं, ते शेजारच्या पानाला डाग देतं. ती पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घातली. पीव्हीसीचं पाकीट नको, ते चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. अक्षता घालू नयेत, किडे येतात. अबोली दाबून ठेवली तरी तिचा रंग जातो, तिचा फोटोच बरा. पोर्तुगीज काळातला जन्मदाखला किंवा लग्नाच्या सहीचा कागद असेल तर वहीत प्रत, मूळ कागद वेगळ्या आम्लरहित घडीत. त्याचं लॅमिनेशन करू नका. गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूंत जातं आणि मग ते सोडवता येत नाही.

नावं लिहिताना पिगमेंट शाईचं पेन. स्केचपेन दमट हवेत पसरतं. डावीकडून उजवीकडे, नातं, वाडा (गावातली वस्ती), साल. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं लिहा. लग्नात नाव बदललेलं असतं, आणि ‘सुशीला’ हीच माहेरची ‘कृष्णा’ हे तीस वर्षांनी कोणाला सांगता येत नाही. मला या वहीत हीच ओळ सर्वांत मोलाची वाटते. मूळ फोटोच्या पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, काचेवर ठेवून, न दाबता. नव्या फोटोंच्या प्लास्टिकच्या पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथे नाव पानावरच.

दहा पानं भरली, शेवटची दोन कोरी ठेवली. वही २५ लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषणारे २०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल कापडी पिशवीत, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ फोटोंना आणि प्लास्टिकला बाधते. डबा पावसाचा मारा बसणाऱ्या जांभ्याच्या भिंतीला लावू नये, आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून वर. ओल पिऊन जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास भाजायचं, गार झाल्यावरच परत ठेवायचं. पावसात महिन्यातून एकदा मी काटा बघते, आणि चवथीआधीच्या (गणेशचतुर्थीआधीच्या) साफसफाईत, पाऊस नसलेल्या दुपारी, वही पंधरा मिनिटं सावलीत उघडून एकेक पान उलटते.