अल्टेअर ८८००: एका बिटाने खाल्लेला रविवार

अखेर आज मशीन बोललं. मागच्या नोंदीपर्यंत अल्टेअर ८८०० या १९७५ च्या हौशी संगणकाच्या प्रतिकृतीचं पॅनेल जोडून झालं होतं, दिवे लुकलुकत होते, पण ४ के बेसिक (४ के मेमरीत मावणारी प्रोग्रामिंगची भाषा) काही केल्या चढत नव्हतं.

टेप कशी वाचायची हे या मशीनला दर वेळी नव्याने शिकवावं लागतं. त्यासाठीचा ३.२ आवृत्तीचा बूटस्ट्रॅप लोडर, म्हणजे हाताने भरायचा चिमुकला प्रोग्राम, २० बाइटचा. आकडे ऑक्टलमध्ये (० ते ७ एवढेच अंक, एक अंक म्हणजे तीन बिट), आठ स्विच दोन-तीन-तीन असे धरायचे: ३३३ म्हणजे ११ ०११ ०११. स्विच लावा, 'डिपॉझिट नेक्स्ट'ने आकडा मेमरीत टाका, मग पुढचा आकडा. टेलिटाइपचा (तारेने जोडलेल्या टंकयंत्राचा) मूळ ११० बॉडचा, सेकंदाला १० अक्षरांचा वेगच ठेवलाय (हौस!), म्हणजे एका प्रयत्नाला सात मिनिटं. तीनदा टेप शेवटपर्यंत गेली आणि मेमरी कोरीच.

मग 'एक्झामिन नेक्स्ट' या पुढचा बाइट दाखवणाऱ्या स्विचने एकेक बाइट तपासला. पत्ता ०१५ वर ३१० हवं होतं, मी ३०० भरलं होतं. एकच स्विच! ३१० म्हणजे 'शून्य आलं तर परत फिर', ३०० म्हणजे 'शून्य नाही आलं तर परत फिर'. शून्य म्हणजे आलेला बाइट भरण्याच्या बाइटशी जुळला. टेपच्या सुरुवातीचा भरणा गाळायचा सोडून मशीन खरा मालच फेकत होतं, तेही इमानेइतबारे.

या शोधाशोधीत लोडरची करामत कळली. 'अमुक पत्त्यावर जा' सांगणारी जंप ही आज्ञा तीन बाइट खाते, म्हणून ती वापरलेलीच नाही. स्टॅक पॉइंटर (परत फिरायचा पत्ता कुठे आहे ते दाखवणारा) लोडरच्याच शेवटच्या दोन बाइटांवर रोखलाय, तिथे ००३ हा पत्ता. एका बाइटचं रिटर्न आलं की गडी पुन्हा सुरुवातीला! १९७५ मध्ये हे मशीन २५६ बाइट मेमरीवर यायचं, तिथे असली काटकसर लागणारच.

हे बेसिक लिहिणाऱ्या जोडीतल्या, बिल गेट्सच्या भागीदार पॉल ॲलनला तर अल्टेअर बनवणाऱ्या मिट्स कंपनीच्या गावी, अल्बुकर्कीला जाताना विमानात आठवलं की लोडर लिहायचाच राहिलाय. तिथेच बसून लिहिला. तोवर ते बेसिक खऱ्या अल्टेअरवर चाललंही नव्हतं, हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर ८०८० ची (अल्टेअरच्या प्रोसेसरची) नक्कल करून तपासलेलं. माझ्यापुढे छापील आकडे होते, तरी ही गत.

फेब्रुवारी १९७६ चं गेट्सचं हौशी मंडळींना पत्र मला रडगाणं वाटायचं: अल्टेअरवाल्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं, मेहनताना तासाला २ डॉलरही पडत नाही वगैरे. आता अर्धं पटतं. अर्धंच, कारण बेसिक स्वस्तात हवं तर मिट्सचेच मेमरी बोर्ड घ्यावे लागत, आणि त्यांचे ४ के बोर्ड भरवशाचे नव्हते.

असो. 'मेमरी साइझ?' उमटलं तेव्हा ओरडलोच. 'वॉन्ट साइन?' (त्रिकोणमितीतलं साइन हवं का?) ला नाही म्हटलं, तेवढीच जागा वाचली. मग प्रिंट २+२. आलं ४.

आता मशीन बंद करायचा धीर होत नाही. केलं की पुन्हा ते २० बाइट.