छातीच्या कोअरवरचे चट्टे अखेर गेले

चट्टे गेले! माझ्या कॉस्प्लेच्या कवचात छातीवर एलईडीने उजळणारा कोअर आहे, त्याच्या फोटोंत येणारे चट्टे. मागच्या टेस्ट शूटचे फोटो बघितलेल्यांना सांगायला नकोच. डोळ्यांना कोअर छान एकसारखा निळा-हिरवा दिसायचा आणि फोटोत मात्र कुठे उजळ, कुठे मंद, कुठे हिरवट ठिपके. वर प्रत्येक फोटोत ठिपक्यांची जागा वेगळी, त्यामुळे एडिटिंगमध्ये दुरुस्त करायचीही सोय नाही. काल रात्री त्याच कवचात, त्याच कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि सगळ्या फ्रेम स्वच्छ आल्या. झूम करकरून बघितल्या.

आधी कारण सांगते, कारण हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना छळतंय. कोअरमध्ये डब्ल्यूएस२८१२बी या प्रकारच्या एलईडींची जुन्या पिढीची पट्टी आहे, तिच्यातला प्रत्येक दिवा म्हणजे एक पिक्सेल. तिचं पीडब्ल्यूएम, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं, साधारण ४०० हर्ट्झवर (सेकंदाला ४०० आवर्तनं) चालतं. ब्राइटनेस २० टक्के ठेवला, तर पिक्सेल मंद जळत नाही. प्रत्येक आवर्तनात तो थोडा वेळ पूर्ण पेटतो आणि उरलेला वेळ विझलेला असतो. आमच्या फोटोग्राफर मित्राच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वात वेगवान शटर, १/१६० सेकंद. तेवढ्या वेळात अडीच आवर्तनं होतात, म्हणजे एखाद्या पिक्सेलच्या वाट्याला दोन झोत येतात आणि शेजारच्याच्या वाट्याला तीन. दीडपट फरक! शिवाय प्रत्येक पिक्सेलचं घड्याळ स्वतंत्र असतं, एकमेकांशी जुळलेलं नसतं. म्हणून सरळ पट्टे न येता चट्टे येतात. आपण सगळे ‘बँडिंग’ (फोटोतले सरळ पट्टे) शोधत बसतो, ते या पट्टीत तसं दिसतच नाही.

पहिला उपाय होता शटर १/६० वर आणणं. मग झोत सहा किंवा सात येतात आणि फरक बराच कमी होतो. चट्टे फिके झाले, गेले नाहीत. दुसरा उपाय, ब्राइटनेस थेट २५५, म्हणजे कमाल. मग विझलेला वेळ जवळजवळ उरतच नाही आणि चट्टे खरोखरच जातात. पण रंगही शुद्धच लागतो: हिरवा २५५, निळा २५५, लाल शून्य. मधला कुठलाही आकडा टाकला की पीडब्ल्यूएम परत हजर. आणि एवढ्या उजेडात कोअर फोटोत पांढराफट्ट जळतो, आत कोरलेली नक्षी गायब.

म्हणजे एलईडी पूर्ण पेटवायचे आणि उजेड बाहेर येताना अडवायचा. पांढऱ्या डिफ्यूजरचे (उजेड पसरवणाऱ्या पडद्याचे) आणखी थर लावून बघितले, तर नवीन दुखणं. फ्लॅश पडला की पांढरा थर स्वतःच चमकतो, कोअर बंद असल्यासारखा खडूचा तुकडा दिसतो. फ्लॅशला ग्रिड (झोत अरुंद करणारी जाळी) लावा, बाजूला सरकवा, पॉवर १/३२ करा, थोडाच फरक पडतो.

मग हाताशी आला धुरकट करड्या अॅक्रिलिकचा तुकडा, साधारण एक चतुर्थांश उजेड सोडणारा. यातली गंमत मला अजून सुचल्या सुचल्यासारखी आवडते. एलईडीचा उजेड त्यातून एकदाच जातो, म्हणजे उरतो १/४. फ्लॅशचा उजेड आत जातो, डिफ्यूजरवर आपटतो आणि परत बाहेर येतो, म्हणजे दोनदा अडतो आणि उरतो १/१६. अॅक्रिलिकच्या या एकाच पत्र्याने कोअर हवा तेवढा मंद झाला आणि फ्लॅशचा धुवट थरही गेला. नक्षीच्या कडा, अगदी चाकूची एक बारीक तिरकी रेघसुद्धा, आता फोटोत वाचता येते. पत्रा घासायचा असेल तर फक्त आतून घासा. बाहेरून मॅट केला की पृष्ठभागच फ्लॅश पसरवतो. बाहेरची बाजू चकचकीत ठेवून किंचित खाली झुकवली की प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे येत नाही.

पूर्ण ब्राइटनेसची किंमत विजेत मोजावी लागते. दोन रंग मिळून पिक्सेलमागे सुमारे ४० मिलिअँपिअर, ४० पिक्सेल म्हणजे १.६ अँपिअर. टोकाचे पिक्सेल मंदावत होते, म्हणून पट्टीला दोन्ही टोकांकडून जाड वायरने ५ व्होल्ट दिले. फायदा असा की कमी लोडवर आपोआप झोपणारी पॉवर बँक आता जागी राहते. आणि एलईडीजवळ हॉट ग्लू वापरूच नका, उष्णतेने तो ढिला पडतो. कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह लावा, वाळायला पुरेसा वेळ द्या. पट्टी विकणाऱ्यांनी पाकिटावर लांबी आणि रंगांबरोबर पीडब्ल्यूएमची वारंवारताही छापली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

आता शटरचं बंधन सुटलं, त्यामुळे शूटचा क्रमच बदलतेय. १/१६० ऐवजी १/६० म्हणजे आकाशाचा जवळपास दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड मिळतो आणि फ्लॅशच्या एक्स्पोजरला धक्का लागत नाही. म्हणून वाइड शॉट आधी, सूर्य मावळल्यावर आकाश गडद निळं असेपर्यंत. क्लोजअप पूर्ण अंधारात, मागून रिम लाइट (कडा उजळणारा दिवा) देऊन. विगच्या कडा काळ्या पार्श्वभूमीत विरघळतात, त्यांना तो हवाच.

लिहिता लिहिता आणखी एक डोक्यात आलं: हेल्मेटची काचही याच पत्र्याची केली तर? आतले डोळ्यांचे दिवे उठून दिसतील आणि फ्लॅशमध्ये चेहरा लपेल. पण रात्री त्यातून पायाखालचं काही दिसणार नाही. म्हणजे काच चुंबकावर बसवायची, चालताना काढायची, पोझ घेतली की कोणीतरी लावून द्यायची. फोममध्ये चुंबकाचे खाचे आजच कापते.

आणि पोशाखातला उजळणारा भाला! त्यासाठी दोन सेकंदांचं एक्स्पोजर, ट्रायपॉड आणि रिअर कर्टन सिंक (शटर बंद होण्याच्या क्षणी फ्लॅश) असा बेत आहे, म्हणजे उजेडाची रेघ भाल्याच्या मागे राहील आणि शेवटी फ्लॅश मला गोठवेल. जुनी पट्टी हलत्या भाल्यात तुटक ठिपके काढेल, म्हणून तिथे एपीए१०२ या प्रकारची एलईडी पट्टी घेणार. तिचं रंगांचं पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झच्या आसपास आहे. तिच्या ग्लोबल ब्राइटनेसला (सगळ्या रंगांचा उजेड एकदम बदलणाऱ्या सेटिंगला) मात्र हात लावायचा नाही, तो वेगळ्या, बऱ्याच संथ पीडब्ल्यूएमवर चालतो. कुणी ती पारदर्शक नळीत बसवली असेल तर सांधे कसे लपवले ते सांगा, माझं तिथेच अडलंय.