ओळंबा नऊ फुटांवर अडकला

ग्वाल्हेरचा हिवाळा पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. जानेवारीत दाट धुके उतरले की कित्येक दिवस दुपारीही ऊन दिसत नाही, पहाटे पारा ४-५ अंशांपर्यंत घसरतो, आणि इथल्या लष्कर या जुन्या भागातल्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती एकदा गारठल्या की मग लवकर ऊब धरत नाहीत. शहरातल्याच हजिरा भागात माझे फॅब्रिकेशनचे, म्हणजे लोखंडी कामाचे, दुकान आहे. वर्षभर फाटके, जाळ्या आणि जिने यांचे काम चालते. पण तरुणपणी कुल्लूकडे एका ठेकेदाराबरोबर चार हिवाळे काढल्यामुळे घर तापवण्याच्या लाकडी शेगड्यांची माहिती झाली. तिकडे तिला तंदूर म्हणतात, काश्मिरात बुखारी. आमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी बुखारीच आहे. वर्षाकाठी अशी दोन-तीनच कामे येतात, तरी त्यांतले एक मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

माधवगंजातल्या एका मराठी कुटुंबाने मला बोलावले होते. घरात ८४ वर्षांच्या आजी, निवृत्त प्राध्यापक काका, काकू, धाकटा मुलगा, सून आणि शाळेत जाणाऱ्या दोन नाती. आजींच्या उशाशी रात्री कोळशाची शेगडी ठेवत आणि धूर कोंडू नये म्हणून खिडकी किलकिली ठेवत, म्हणजे जेवढी ऊब तेवढाच वारा. पुण्याहून आलेल्या थोरल्या चिरंजिवांनी यावर तोडगा म्हणून १२ किलोवॅटची, काचेच्या दाराची, बिडाची परदेशी बुखारी पसंत करून ठेवली होती. ती तळमजल्याच्या बैठकीत ठेवायची आणि तिचा पाइप मागच्या जुन्या स्वयंपाकघराच्या धुराड्यात सोडायचा, असे त्यांनी ठरवलेही होते. एका कारागिराने जुने धुराडे न पाहताच "उत्तम आहे" असे सांगून पाइपाचा दरही दिला होता, आणि तोही गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा, ज्याच्यावरचा जस्ताचा थर जास्त तापल्यावर टिकत नाही.

मी आधी गच्चीवर गेलो. धुराड्याचे तोंड छतापासून तीन फूट उंच होते, विटा शाबूत होत्या. दोरीला ओळंबा बांधून आत सोडला. तो नऊ फुटांवर थांबला, आणि थांबताना जो आवाज आला तो विटेचा नव्हता, राडारोड्याचाही नव्हता. लाकडावर टकटक केल्यासारखा होता. थोरले चिरंजीव म्हणाले, "पारव्यांचं घरटं असेल, दादा. बांबूने ढकलून द्या." घरटे असते तर ओळंबा मऊ बसला असता, हे मी बोललो नाही. खाली येऊन जुन्या चुलीच्या तोंडाशी आधी वर्तमानपत्राचे चार कागद जाळले, कारण थंड पडलेल्या धुराड्याला ओढ नसते, आतली गार हवाच खाली उतरते. मग घमेल्यात निखारे घेऊन त्यांवर कडुनिंबाचा ओला पाला टाकला आणि तोंडावर पत्रा लावला. तीन-चार मिनिटांनी गच्चीवरचा माझा मुलगा ओरडून म्हणाला की वर काहीच येत नाही. त्याच वेळी माडीवरून सूनबाईंची हाक आली, "अहो, मुलींच्या कपाटातून धूर येतोय!"

वर धावलो. मुली शाळेत गेल्या होत्या. भिंतीतल्या कपाटाचे दार उघडले, तर मागच्या फळ्यांच्या फटींतून निळसर धुराच्या चार-पाच रेघा निघून वह्या-पुस्तकांवर पसरत होत्या. धुराडे मधोमध फोडून तिथे कपाट केले होते आणि माझा ओळंबा त्याच्याच माथ्यावर आपटला होता. कपाटापासून मुलींच्या गादीचे अंतर चार फुटांहून जास्त नव्हते.

सगळे जिन्यात जमले तेव्हा खालून आजी म्हणाल्या, "गॅस आला त्या वर्षी ह्यांनीच ते फोडून घेतलं. पोरांच्या पुस्तकांना जागा नव्हती. मला विचारलं असतं, तर सांगितलं नसतं का?" काका मान खाली घालून उभे राहिले. वास्तविक त्या वेळी ते कॉलेजात होते. त्यांना कपाट आठवत होते, त्यामागचे धुराडे आठवत नव्हते.

त्या दुपारी मी थोरल्या चिरंजिवांशी बराच वेळ बोललो. धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, माणूस उठतो. भीती धुराची नव्हे. रात्री जाळ विझून निखारे उरतात तेव्हा धूर जवळजवळ नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड तयार होतच राहतो, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते, म्हणून झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. त्यातून बुखारी १२ किलोवॅटची. अंदाज असा की जुन्या, थंड घरात १० घनमीटर जागेला १ किलोवॅट पुरतो. मोठी बुखारी घेतली तर खोली पाऊण तासात भट्टी होते, मग माणूस हवेची झडप बंद करतो, आणि हवा कोंडलेली आग धुमसत राहते. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्यातून निघणाऱ्या वायूंच्या ज्वाळेतून मिळते. ते वायू जळालेच नाहीत तर पाइपाच्या आत डांबर होऊन साठतात आणि एखाद्या दिवशी पाइपच पेट घेतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मग एवढेच विचारले, "पण काचेचं दार ठेवता येईल ना?"

ठेवता आले. बैठकीचा नाद सोडून आजींची गादी मागच्या एकमजली खोलीत हलवायचे ठरले. ती १६ बाय १२ फूट आणि ११ फूट उंच, म्हणजे सुमारे ६० घनमीटर. तिला ६ किलोवॅटची बुखारी पुरेशी होती. छत दगडी पटियांचे, म्हणजे लांब फरश्यांचे, त्यामुळे पेटण्याची भीती नाही आणि पाइप एकही वळण न घेता सरळ वर नेता आला. छतावर तो पाच फूट उंच काढला. दुमजली भिंत मुद्दाम १४ फूट दूर राहील असा कोपरा निवडला, कारण दहा फुटांच्या आत उंच भिंत असली तर पाइप तिच्याहूनही दोन फूट वर न्यावा लागतो. बुखारी मी स्वतः घडवली नाही. पत्रा वाकवणे मला येते, पण धुरातले वायू जाळण्यासाठी वरून तापलेली हवा सोडण्याची रचना कारखान्यातच नीट होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र बिडाऐवजी पोलादी घ्यायला मी लावले, कारण बिडाला तडा गेला तर ग्वाल्हेरात तो खात्रीने जोडून मिळणे कठीण. यात माझ्या धंद्याचा कल आहे, हे कबूल.

पाइप जोडताना गवंडी माझ्याशी भांडला. त्याचे म्हणणे, कौले जशी वरचे खालच्यावर बसतात तसा वरचा पाइप खालच्याच्या बाहेरून बसला पाहिजे. पावसासाठी ते खरे. पण आतून ओघळणारे डांबर बुखारीत परत पडायला हवे, म्हणून खोलीतल्या पाइपात वरचे टोक खालच्याच्या आत घालावे लागते. उलटे जोडले की प्रत्येक सांध्यातून काळा रस भिंतीवर उतरतो.

लाकूड त्यांनी टालीवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, बाभळीचे आणले होते, "अगदी सुके" म्हणून. मी ५०० ग्रॅमचा तुकडा दुकानात नेऊन वाळवला, तो ३६० ग्रॅम भरला. म्हणजे १४० ग्रॅम पाणीच. ते लाकूड फोडून वर्षभरासाठी पडवीत रचले आणि त्या मोसमापुरती जुन्या फर्निचरची, रंग न दिलेली फाळकी मिळवली. कार्बन मोनॉक्साइडचा गजर दोन ठिकाणी लावला, त्यातला एक माडीवर. जुने धुराडे खालून आणि कपाटामागून विटांनी बुजवले.

मार्चमध्ये पाइप झाडायला गेलो तेव्हा दोन ओंजळी काजळी निघाली, कोरडी, तपकिरी. आजींनी ती कागदावर घेऊन बोटांनी चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "आमचं धुराडं झाडलं की टोपलंभर निघायची."