कोरडी गळती

द्राक्षाची गोडी छाटणी होऊन बाग पोंग्यात आलेली, म्हणजे कोवळे कोंब फुटत असलेली, आणि दोन दिवस आभाळ गच्च. अशात ट्रॅक्टर बंद पडला की निफाडचा बागाईतदार फोनवर रामराम घालायलाही थांबत नाही. "दादा, डावणी येईल, आत्ता या." डावणी म्हणजे अशा हवेत द्राक्षावर येणारा रोग. पिंपळगावचं गॅरेज पोराच्या हवाली करून निघालो.

ट्रॅक्टर छोटा, बागेतला. मागे औषध फवारायचा 600 लिटरचा ब्लोअर. ब्लोअर जोडून वीस-पंचवीस मिनिटं चालायचा, मग आवाज खाली-वर आणि एकदम गप्प. हातपंप मारून डिझेलच्या लाइनमधली हवा काढली की पुन्हा तेवढाच वेळ. आधीच्या मिस्त्रीने दोन्ही डिझेल फिल्टर बदलले होते आणि "डिझेल पंप खोलावा लागेल" सांगून तो गेला होता. पंप खोलायचा म्हणजे नाशिकला न्यायचा, दोन दिवस मोडले. तोवर फवारणी कोण करणार?

मी फिल्टरचा एअर स्क्रू ढिला केला, हातपंप मारला. आधी फेस आला, मग डिझेलची निखळ धार. स्क्रू आवळला, पंपाचाही तसाच केला. ट्रॅक्टर चालू. मग फडक्याने एकेक जोड कोरडा पुसला आणि बॅटरी मारून ओल शोधत बसलो. बँजो बोल्ट, तांब्याचे वॉशर, नोझलच्या नळ्या, कुठेही थेंब नाही. यात अर्धा तास गेला आणि तो माझ्याच डोक्यामुळे गेला. टाकीतून डिझेल ओढतो तो फीड पंप. त्याच्या पुढे दाब असतो, तिथे जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर येतं. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र ओढ असते. तिथून डिझेल गळत नाही, हवा आत शिरते, वरून सगळं कोरडं ठणठणीत. हे मी पोरांना शिकवतो आणि त्या दिवशी स्वतःच ओल शोधत होतो! इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडायला 200 बारच्या आसपास दाब लागतो. नळीत हवा असली की पंप ती हवाच दाबत बसतो, नोझल उघडतच नाही.

बांधावर बसलेले आजोबा मघाशीच म्हणाले होते, "टाकी फुल असली ना, की हूं का चूं करत नाही." मी मान डोलावली होती, ऐकलं नव्हतं.

एका कॅनमध्ये डिझेल घेतलं, कॅन बॉनेटवर ठेवला आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला जोडला. ब्लोअर लावून पाऊण तास ट्रॅक्टर चालवला, धक्कासुद्धा नाही. म्हणजे पंप निर्दोष. कॅन काढून टाकीची लाइन परत जोडली, फीड पंपाजवळ पारदर्शक नळीचा तुकडा ठेवला. लोड पडला तसे नळीतून बुडबुडे, मोहरीएवढे, एकामागे एक.

आता आजोबांचं वाक्य आठवलं. या गाडीची टाकी खाली, पायदानापाशी. लाइन तिथून वर चढून इंजिनाकडे जाते. टाकी भरलेली असेल तर डिझेलची पातळी नळीच्या बऱ्याच भागाच्या वर, म्हणून हवेला वाट नाही. पातळी भोकाच्या खाली उतरली की तिथे ओढ पडून हवा शिरणार. म्हणजे भोक चढणीवरच हवं.

तिथे एकच क्लँप होता. आतलं रबर केव्हाच झिजून गेलेलं, पत्रा नळीवर घासून नळी एका बाजूने चकचकीत चपटी झालेली. डोळ्यांना भोक दिसेना. नळी काढली, एक तोंड अंगठ्याने दाबलं, बादलीत बुडवून दुसरीकडून फुंकलं. बुडबुड्यांची बारीक रांग वर आली. बागाईतदाराचं पोरगं ओरडलंच, "सापडलं!"

झिजलेला तुकडा कापला, मध्ये डिझेलची रबरी नळी दोन क्लिपांनी आवळली, क्लँपखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. अख्खी नळी नंतर बदलायची ठरली.

पोरगं कॅन उचलून टाकी भरायला निघालं, तसं आजोबांनी त्याला अडवलं. "अर्धीच राहू दे. त्याशिवाय काय कळणार?" अर्ध्या टाकीवर ब्लोअर सुरू झाला. ब्लोअरच्या तिसऱ्या टाकीचं औषध मारून होईपर्यंत मी तिथेच थांबलो.