तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हिस अकाऊंट कुठलं द्यायचं?

एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, इन्स्टॉल करताना मधे सर्व्हर कॉन्फिगरेशनचं पान येतं, प्रत्येक सर्व्हिससमोर (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) ती ज्या नावाने चालेल त्या अकाऊंटचे आणि पासवर्डचे रकाने, आणि नवीन मुलं मला नेमका तिथूनच फोन करतात, सर इथे काय टाकू? घाई असते, मग बरेच जण स्वतःचं लॉगिन नाहीतर सरळ डोमेन ॲडमिन (कंपनीच्या पूर्ण नेटवर्कवर हक्क असलेलं अकाऊंट) टाकतात, कारण त्याने सगळं लगेच चालतं. तसं करू नका एवढंच फोनवर सांगून होतं, का ते इथे लिहितो.

एका क्लायंटकडे सर्व्हर उभा करणाऱ्या मुलाने स्वतःचंच अकाऊंट दिलं होतं. तो नोकरी सोडून गेला, आयटीने नियमाप्रमाणे अकाऊंट डिसेबल केलं, आणि डेटाबेस चालूच राहिला, कारण सर्व्हिसचं लॉगिन तपासतात ते ती सुरू होताना. ॲप्लिकेशन एसक्यूएल लॉगिनने (विंडोजचं नाही, डेटाबेसचं स्वतःचं लॉगिन) जोडलेलं, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. नेटवर्क शेअरवरचे बॅकअप मात्र लगेचच पडायचे बंद झाले होते आणि ते कुणी बघितलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी रविवारी पहाटे पॅचेस लागले, मशीन रीस्टार्ट झालं आणि एसक्यूएल काही केल्या उठेना. एरर १०६९, लॉगऑन फेल्युअर, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेलेल्या मुलाचं नाव. अकाऊंट बदललं तर सर्व्हिस उठली, पण विंडोज लॉगिनवाल्यांना एसएसपीआय काँटेक्स्टची (विंडोजने ओळख पटवता न आल्याची) एरर यायला लागली, कारण एसपीएन (सर्व्हिस कुठल्या अकाऊंटची आहे याची डोमेनमधली नोंद) अजून जुन्या नावावर, तो सेटएसपीएन कमांडने काढून नव्या नावावर घातला तेव्हा कुठे लोक आत आले. आणि या सगळ्या वेळात हाताशी ताजा बॅकअप नव्हता, ती भीती मी विसरलेलो नाही.

म्हणून माझं उत्तर असं. एकच सुटा सर्व्हर असेल तर सेटअप आपणहून जे व्हर्च्युअल अकाऊंट (त्या मशीनपुरतं, विंडोज स्वतःच सांभाळतं ते) भरून देतो, एनटी सर्व्हिस\एमएसएसक्यूएलसर्व्हर, तेच ठेवा, एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून डिफॉल्ट तेच आहे, पासवर्ड नाही आणि हक्क लागतील तेवढेच. फक्त एक लक्षात ठेवा, नेटवर्कवर ते मशीनच्या नावाने जातं, म्हणजे शेवटी डॉलर असलेलं कॉम्प्युटर अकाऊंट, तेव्हा बॅकअपच्या शेअरवर परवानगी त्या नावाला द्यायची, नाहीतर ॲक्सेस डिनाइड ठरलेलं.

क्लस्टर किंवा ऑलवेज ऑन, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा काम उचलेल असे जोडलेले सर्व्हर, असतील तर जीएमएसए, ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाऊंट. पासवर्ड ॲक्टिव्ह डिरेक्टरीच (डोमेनमधली सगळी अकाऊंट सांभाळणारी यंत्रणा) बनवते आणि डिफॉल्टने दर ३० दिवसांनी बदलते, माणसाला तो माहीतच नसतो, त्यामुळे कोण आलं कोण गेलं याने सर्व्हिसला फरक पडत नाही. सेटअपमध्ये नावाच्या शेवटी डॉलर लावायचा आणि पासवर्ड रिकामा सोडायचा. सुट्या इन्स्टन्सला (एसक्यूएल सर्व्हरचं एक इन्स्टॉलेशन) एसक्यूएल २०१४ पासून चालतं, क्लस्टर आणि ऑलवेज ऑनला २०१६ पासून. डोमेनमध्ये पहिल्यांदाच करत असाल तर केडीएस रूट की (हे पासवर्ड ज्यावरून बनतात ती डोमेनची मूळ किल्ली) आदल्या दिवशीच बनवून घ्या, ती लागू व्हायला १० तास जातात, ऐनवेळी आठवलं तर रात्र बसून काढावी लागते.

एजंटला (ठरल्या वेळी जॉब चालवणारी सर्व्हिस) वेगळं अकाऊंट द्या, इंजिनचं (मुख्य डेटाबेस सर्व्हिसचं) नको.

डोमेन ॲडमिनचा धोका तर याहून मोठा. एक्सपी_सीएमडीशेल (डेटाबेसमधून विंडोजच्या कमांड चालवायची सोय) चालू असेल तर सिसॲडमिनने, म्हणजे डेटाबेसवर सगळे हक्क असलेल्या लॉगिनने, दिलेली कमांड सर्व्हिस अकाऊंटच्या नावाने चालते, म्हणजे ॲप्लिकेशन सिसॲडमिन लॉगिनने जोडलेलं असेल आणि त्यात एक एसक्यूएल इंजेक्शन (ॲप्लिकेशनच्या रकान्यातून स्वतःची एसक्यूएल कमांड घुसवायची फट) सापडलं की हल्लेखोराच्या हातात पूर्ण डोमेन. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस तर रूटने (लिनक्सचं सर्वाधिकारी अकाऊंट) सुरू करायला गेलात की सरळ नकार देतो, मला ती सक्ती फार आवडते. एसक्यूएल सर्व्हर अडवत नाही, तेव्हा ते आपल्यालाच सांभाळायचंय.

अकाऊंट बदलायचं ते एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमधूनच, विंडोजच्या सर्व्हिसेसच्या खिडकीतून नाही, कारण फोल्डर आणि रजिस्ट्रीच्या परवानग्या तोच लावून देतो. आणि आधीपासून चालू असलेल्या सर्व्हरवर सिस.डीएम_सर्व्हर_सर्व्हिसेस हा व्ह्यू एकदा सिलेक्ट करून बघा, सर्व्हिस अकाऊंटच्या रकान्यात कुणा माणसाचं नाव दिसलं तर पुढच्या पॅचच्या रविवारआधी ते बदलून घ्या.